वाचकांचे प्रश्न : बंद ठेवलेलं शीतकरण कोणाच्या नावावर?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या वायुगळतीवर गेल्या अंकात लेख होता, त्यात एक वाक्य होतं : ‘ती दुर्घटना २ डिसेंबर १९८४ च्या रात्री उघडकीला आली, घडत मात्र ती कित्येक महिने होती.’ या एका वाक्यावर बरीच पत्रं आली, काही सहमतीची, काही चिडून लिहिलेली. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षेत काम करणारे अभियंते आणि तत्त्वज्ञानाचे अध्यापक यांनी मिळून लिहिली आहेत.

मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टाकीत पाणी शिरलं आणि भोपाळ घडलं, असं आम्हाला शिकवतात. मग जबाबदार कोण? ज्याच्या हातून पाणी शिरलं तो? कंपनीचं म्हणणं तर असं होतं की कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं.
— विद्यार्थिनी, कराड

पाणी कसं शिरलं यावर दोन मतं आहेत. पाइप धुताना ते आत गेलं, असं अनेक अभ्यासकांचं मत. नाराज कामगाराने ते सोडलं, असं कंपनीचं. हा वाद बाजूला ठेवला तरी चालेल, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यावर अडलेलं नाही. मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, पाण्याशी गाठ पडताच प्रचंड उष्णता सोडतं हे कारखाना उभारणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच पाणी शिरलंच तर काय करायचं याची तजवीज एकीमागे एक केलेली होती. त्या तजविजींचं काय झालं ते पाहा.

ई-६१० या टाकीत सुमारे ४० टन एमआयसी होतं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. हा द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो शून्य ते पाच अंशांवर ठेवायचा. त्यासाठीचं शीतकरण यंत्र १९८४ च्या मध्यावरच बंद केलं गेलं आणि त्यातलं शीतद्रव्य काढून दुसरीकडे वापरलं गेलं. तापमान ११ अंशांवर गेलं की वाजणारा अलार्म होता. पण थंडावाच काढून घेतल्यावर टाकी कायमच ११ च्या वर, तेव्हा त्या अलार्मला काही अर्थ उरला नाही. द्रव थंड असता तर अभिक्रिया हळू चालली असती आणि माणसांना काही तास मिळाले असते. ते तास जूनमध्येच खर्ची पडले होते.

पुढची तजवीज स्क्रबरची. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊन काढायचा. तो ‘स्टँडबाय’वर होता, आणि चालू असता तरी एवढा लोंढा त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यानंतर वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर. त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपचा गंजलेला तुकडा काढलेला होता आणि नवा बसवायचा राहिला होता. माल वळता करायला रिकामी ठेवायची ई-६१९ ही टाकी पूर्ण रिकामी नव्हती. सगळ्यात शेवटी पाण्याचे फवारे : ते १२ ते १५ मीटर उंच जात, आणि वायू सुटत होता ३० मीटरहून उंच नळीतून.

आता एक बारीक गोष्ट, जी तुम्ही वहीत लिहून ठेवावी असं आम्हाला मनापासून वाटतं. रात्री सव्वादहाच्या सुमारास टाकीतला दाब दर चौरस इंचाला २ पौंड होता आणि ११ वाजता १० पौंड. मध्ये शिफ्ट बदलली. नव्या माणसाने १० हा आकडा पाहिला. नेहमीचा दाब २ ते २५ पौंडांत असतो, म्हणून त्याला त्यात वावगं दिसलं नाही. आकडा खरोखरच मर्यादेत होता. पण पाऊण तासात तो पाचपट झाला होता. हे कळायला दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात, आणि शिफ्ट बदलताना ‘आधी किती होता?’ असं विचारावं लागतं. मध्यरात्रीनंतर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि वायू बाहेर सुटला. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला मृत्यूंचा आकडा ३,७८७ आहे. त्यानंतरच्या वर्षांत गेलेले आणि आजही फुप्फुसांनी, डोळ्यांनी अधू असलेले लोक त्यात नाहीत.

एवढं सगळं एकाच वेळी बंद कसं होतं? कारखाना तोट्यात होता. एमआयसी विभागातले ऑपरेटर १२ वरून ६ वर आणले होते, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीतलं देखभाल पर्यवेक्षकाचं पद काही दिवसांपूर्वीच काढून टाकलं होतं. आणि एमआयसीचं उत्पादन ऑक्टोबरमध्ये थांबलेलं होतं. घात इथे झाला. ‘प्लांट बंद आहे’ हे वाक्य खरं होतं, म्हणून त्याच्या आधाराने घेतलेला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटला. प्लांट बंद होता आणि टाकी भरलेली होती.

पाणी ज्याच्या हातून गेलं त्याच्याकडे त्या एका कृतीची जबाबदारी जाते. पण थोडंसं पाणी आणि हजारो माणसांचा जीव यांच्यात काहीही उरू नये, अशी व्यवस्था त्याने केली नव्हती. ती ज्यांनी एकेक सही करून केली, त्यांचं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या वाक्यात येत नाही. अमेरिकेहून आलेल्या पथकाने १९८२ मध्ये त्रुटी दाखवल्या होत्या, आणि त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहराला जाहीर इशारा दिला होता. तेव्हा ‘माहीत नव्हतं’ ही सबबही कुणाला नव्हती.

मी मेंटेनन्स सुपरवायझर आहे. एकेका परमिटवर, म्हणजे काम सुरू करण्याच्या परवान्यावर, सात सह्या असतात आणि काही झालं की शेवटचा माणूस सापडतो. जबाबदारी सात जणांत वाटली तर माझ्या वाट्याला किती?
— एक वाचक, तळोजा

पूर्ण. पेढे सात जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात. सहीचं तसं नाही. तत्त्वज्ञ याला ‘अनेक हातांचा पेच’ म्हणतात. काम इतक्या हातांतून जातं की शेवटी कुणाचाच हात दिसत नाही. परमिटवर तो असा वाढत जातो : पहिला सही करतो कारण पुढे सहाजण पाहणार आहेत, सातवा करतो कारण आधीच्या सहांनी पाहिलं आहे. अशा सात सह्यांत प्रत्यक्ष व्हॉल्व्हपाशी गेलेला एकही जण नसू शकतो. म्हणून परमिटवर सह्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक सहीपुढे ‘मी स्वतः काय पाहिलं’ अशी एक ओळ ठेवून घ्या. ‘व्हॉल्व्ह बंद, कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे’ असं कुणी लिहिलं, की ती सही काहीतरी सांगते.

पाइपलाइन धुताना नुसत्या बंद व्हॉल्व्हवर कधीही विसंबू नका. व्हॉल्व्हच्या सीटवर गंज किंवा कचरा बसला की तो बंद असूनही पाझरतो, आणि पाण्याच्या दाबाला तेवढी फट पुरते. फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, वाट पूर्ण बंद करणारी लोखंडी ब्लाइंड प्लेट घाला, तिची शेपटी बाहेर दिसेल अशी ठेवा आणि तिला नंबरचा बिल्ला लावा. काम संपल्यावर बिल्ले मोजून घ्या. भोपाळला लाइन धुण्याआधी अशी प्लेट घातली गेली नव्हती.

दुसरी गोष्ट बायपास रजिस्टरची, म्हणजे तात्पुरत्या बंद केलेल्या सुरक्षा सोयींच्या नोंदवहीची. कुठलाही इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप अडवणारी सोय, जोडतार लावून वगळला, अलार्म दाबून ठेवला, पंप किंवा शीतकरण बंद केलं, की त्याच पाळीत नोंद झाली पाहिजे. काय बंद केलं, कधीपासून, का, तोवर त्याच्या जागी कोण किंवा काय लक्ष ठेवणार, आणि ही परवानगी कोणत्या तारखेला, किती वाजता संपणार. यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सगळीकडे कोरा सापडतो. मुदत नसलेला बायपास महिन्याभरात प्लांटचा नेहमीचा भाग होऊन बसतो. मुदतवाढ हवी असेल तर आधीच्यापेक्षा एक पायरी वरच्या अधिकाऱ्याची सही लागेल, असा नियम करून घ्या. आणि दर सोमवारी उघडे बायपास किती, हा एकच आकडा फळ्यावर लिहा. तीन असले तर तिन्ही एकाच टाकीचे आहेत का, ते पाहा. भोपाळची प्रत्येक गोष्ट सुटी-सुटी चालून गेली असती; एकाच टाकीसमोर सगळ्या एकदम बंद आहेत, हे कुठल्याही एका कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आक्षेप घ्यायचा असेल तर तो लेखी घ्या आणि त्यात आकडा टाका. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या रॉकेटचे अभियंते थंडीत उड्डाण नको म्हणून भांडत होते. आधीचं सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंशांचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापमान त्याच्या कितीतरी खाली जाणार होतं. चर्चेत एका वरिष्ठाने सहकाऱ्याला सांगितलं की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. तोवर प्रश्न असायचा की उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवा. त्या रात्री तो ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा उलटला. तुमच्या बैठकीत प्रश्न असा उलटताना दिसला की तिथेच थांबा आणि इतिवृत्तात तसं नोंदवून घ्या. यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले.

तुमच्या लेखात दैवाला जागाच नाही. भूकंप, पूर या माणसाच्या हातातल्या गोष्टी आहेत का? मी किल्लारीच्या वेळी तिथे होतो. तेव्हा कोणाला जबाबदार धरायचं?
— निवृत्त शिक्षक, उमरगा

गुरुजी, आपण जे पाहिलं त्यापुढे तर्क मांडताना संकोच वाटतो, तरी प्रश्न टाळण्यासारखा नाही.

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं, तेव्हा युरोपात हाच वाद पेटला. देव दयाळू असेल तर हे का? फ्रेंच लेखक व्होल्तेरने दैवी योजनेवरचा विश्वास झुगारला. तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्रातून वेगळंच उत्तर दिलं : सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गाने तिथे बांधली नव्हती. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. रवींद्रनाथांना गांधीजींविषयी अपार आदर, तरीही त्यांनी जाहीर विरोध केला की भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात. गांधीजींनी तो विरोध स्वतःच्या नियतकालिकात छापला. आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे आहोत. मात्र गांधीजींचा एक आग्रह सोडवत नाही : संकट आलं की माणसाने आधी स्वतःच्या व्यवहाराकडे पाहावं. त्यांनी तो व्यवहार चुकीच्या जागी शोधला, एवढंच.

किल्लारीला तो कुठे होता? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारचा सुमार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, गोल गोट्यांच्या, मातीत बसवलेल्या. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फुटा-दोन फुटांचा मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच बांधलं गेलं आणि दर पावसाळ्यात वर माती पडत गेली. जाड भिंत मजबूत वाटते, पण ती आतून दोन सुट्या भिंती असतात, बाहेरची आणि आतली, मध्ये भराव. हादरा बसला की त्या एकमेकींपासून फाकतात आणि माळवदाचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर येतं. सुमारे आठ हजार माणसं गेली. तेवढ्याच ताकदीचा भूकंप चांगल्या बांधलेल्या गावात इतके जीव घेत नाही.

उपाय महागडा नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवा दर चार फुटांवर. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराभोवती अखंड काँक्रीटचा पट्टा. माळवदावरची माती उतरवून हलकं छप्पर. हे ज्ञान देशात होतं. पण हा भाग तेव्हाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून गावात हादरे जाणवत असूनही कुणी हे ज्ञान गवंड्यापर्यंत नेलं नाही. गावातल्या बापाने बांधलेल्या भिंतीचा दोष त्याच्यावर टाकणं क्रूरपणाचं ठरेल. ज्याला माहीत होतं आणि सांगणं ज्याचं काम होतं, जबाबदारी त्याच्याकडे वळते.

भोपाळच्या खटल्यात २०१० मध्ये सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षं शिक्षा झाली. मग जबाबदारीवर एवढं तत्त्वज्ञान कशाला?
— वकील, नागपूर

राग रास्त आहे. १९८९ च्या तडजोडीतले ४७ कोटी डॉलर आणि ती शिक्षा, दोन्ही झालेल्या हानीपुढे तोकडीच आहेत. दोष सिद्ध करायला एका माणसाची एक चूक दाखवावी लागते, आणि अशा दुर्घटनांत ती शेकडो फायलींत विखुरलेली असते. म्हणूनच दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये झालेल्या ओलियम (अतितीव्र गंधकाम्ल) गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी घेतलेली भूमिका आम्हाला फार मोलाची वाटते. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद. निष्काळजीपणा झाला की नाही हा प्रश्नच नाही, आणि ‘तिसऱ्याने केलं’ ही सबब चालणार नाही. पहिल्या पत्रातल्या ‘मुद्दाम पाणी सोडलं’ या बचावाचं दार त्याने बंद होतं. हान्स योनास या तत्त्वज्ञाने याच्या काही वर्षं आधी म्हटलं होतं की तंत्रज्ञानाची पोच इतकी वाढली आहे की जबाबदारी केवळ झालेल्या कृत्यापुरती मोजून चालणार नाही; पालकाची मुलाविषयी असते तशी ती पुढची असली पाहिजे. न्यायालयाची भूमिका हे त्याचं कायद्यातलं रूप म्हणता येईल.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता निर्णय एआय मॉडेल घेतं, माणूस फक्त ‘ओके’ दाबतो. तिथे जबाबदारी कोणाची?
— पुणे

‘ओके’ दाबणाऱ्या माणसाबद्दलच बोलू. थेराक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ दरम्यान त्याने सहा रुग्णांना भयानक जादा मात्रा दिली. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये ऑपरेटरने चुकून क्ष-किरणांचा पर्याय टाइप केला, लगेच मागे जाऊन तो इलेक्ट्रॉन केला आणि पुढे गेली. यंत्रातल्या चुंबकांना जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत झालेला बदल प्रोग्रॅमने पडद्यावर दाखवला, यंत्रापर्यंत पोचवलाच नाही. पडद्यावर आलं ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ तिच्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश रोजचेच, म्हणून तिने पुढे जाण्याचं बटण दाबलं. १८० रॅड (किरणांची मात्रा मोजायचं एकक) द्यायचे होते. रुग्णाला १६,५०० ते २५,००० मिळाले असावेत असा अंदाज आहे.

हाच दोष थेराकच्या आधीच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही होता. तिथे कुणी मेलं नाही, कारण त्यात स्वतंत्र यांत्रिक इंटरलॉक होते. नव्यात ते ‘सॉफ्टवेअर आहेच की’ म्हणून काढले. बोइंग ७३७ मॅक्समध्ये नाक खाली दाबणारी प्रणाली विमानावरच्या दोन सेन्सरपैकी एकाच्याच सांगण्यावर चाले आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली.

तेव्हा तुमच्या प्रणालीत ‘ओके’ दाबणारा बसवण्याआधी मोजा : त्याला प्रत्येक निर्णयाला किती सेकंद मिळतात, नकार दिला तर त्याला किती रकाने भरावे लागतात, आणि गेल्या महिन्यात त्याने किती वेळा नकार दिला. समजा तासाला शंभर निर्णय येतात, होकाराला एक क्लिक आणि नकाराला तीन पानांचा फॉर्म. मग तो माणूस निर्णय घेत नाही, त्याला दोष झेलायला बसवलं आहे आणि बसवणारा तुम्ही आहात. नकार होकाराइतकाच सोपा करा. दर आठवड्याला मुद्दाम काही चुकीचे निर्णय त्याच्यापुढे सोडा आणि किती पकडले जातात ते पाहा. मर्यादा ओलांडली की मॉडेलला न विचारता थांबवणारी, वेगळ्या कोडची, वेगळ्या माणसाने लिहिलेली साधी अट ठेवा. त्रुटीच्या संदेशात नुसता क्रमांक नको : काय बिघडलं, पुढे गेलं तर काय होऊ शकतं, आणि कोणाला फोन करायचा, हे त्याच ओळीत हवं.

आम्ही एमआयडीसीच्या भिंतीला लागून राहतो. २०१६ आणि २०२४ चे स्फोट आम्ही पाहिले. तत्त्वज्ञान ठीक आहे, पण रात्री वास आला तर करायचं काय?
— गृहिणी, डोंबिवली

आधी वाऱ्याची दिशा पाहा. झेंडा, झाडाचा शेंडा, काहीही चालेल. काडी, लायटर, उदबत्ती काहीही पेटवू नका, आणि वास एलपीजीसारखा असेल तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. वायूच्या ढगापासून पळताना वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवं जा. भोपाळला हजारो लोक वाऱ्याच्याच दिशेने धावले आणि ढग त्यांच्यासोबत गेला. ढग दारापर्यंत आला असेल तर बाहेर पडूच नका. खिडक्या लावा, एसी, कूलर आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद करा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, नाका-तोंडावर जाड ओल्या कापडाच्या चार घड्या धरा. अमोनियासारखे पाण्यात विरघळणारे वायू त्यात बरेचसे अडकतात. कार्बन मोनॉक्साइड मुळीच अडकत नाही. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जा. डोळे चुरचुरले तर चोळू नका, वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. फोन ११२ ला. ढग गेल्याचं जाहीर झालं की दारं-खिडक्या सताड उघडा, कारण थोडा वायू घरातही शिरलेला असतो.

हे झालं त्या रात्रीचं. त्याआधीचं काम दिवसा करायचं आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार, मोठा साठा असलेल्या कारखान्याबाहेरच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती मिळणं हा त्यांचा हक्क आहे. जिल्ह्याचा बाह्य आपत्कालीन आराखडा तयार हवा आणि त्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाला करा; उत्तराची मुदत तीस दिवस. त्यात एवढंच विचारा : आमच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत कोणती घातक रसायनं किती टन साठवायला परवानगी आहे, सायरनचा कोणता आवाज म्हणजे ‘घरात थांबा’ आणि कोणता म्हणजे ‘बाहेर पडा’, शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली आणि तिच्यात आमच्या सोसायटीतलं कोण होतं. उत्तर आलं की ते लिफ्टशेजारी चिकटवा. पुढची तालीम होईल त्या दिवशी घरातल्या एकाला खिडकीत उभं करा आणि सायरन ऐकू आला का ते पाहा. नसेल आला, तर तेही त्याच कार्यालयाला लेखी कळवा, तारीख आणि वेळ घालून.